विसराळू कारंजं

शनिवार, १४ मार्च. बागेतल्या कारंज्याने तिथल्या अधीक्षकांना नखशिखान्त भिजवले. धाकटी न जेवता कॉम्प्युटरपुढे बसली आहे.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. बागेतलं नाचरं कारंजं चालवणारा प्रोग्रॅम तिचा. तिथल्या स्क्रीनवर कुणीही दोन ओळी लिहाव्यात, ‘उंची = ३’ आणि खाली ‘उडव’, की पाणी तेवढे फूट उडायचं. उंची लिहिली नाही, तर प्रोग्रॅमची ठरलेली उंची, दोन.

त्या सकाळी एका हौशी आजोबांनी बारा लिहिले. टाळ्या पडल्या. मग एका मुलीने नुसतंच ‘उडव’ लिहिलं आणि पाणी पुन्हा बारावर गेलं, थेट अधीक्षकांच्या अंगावर.

‘उद्या दुपारपर्यंत सुधारलं नाही, तर स्क्रीन उचलून नेईन,’ ते शर्ट पिळत धाकटीला म्हणाले.

चूक सापडली की धाकटी गुणगुणते. घरी येताच गुणगुण सुरू झाली. लोकांचं लिखाण ती आपल्याच फंक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका भागात, आपल्याच ‘उंची’सारख्या नावांच्या शेजारी चालवत होती. आजोबांच्या बाराने प्रोग्रॅमचे दोन पुसले होते. तिने प्रत्येकाला वेगळा, कोरा डबा दिला, म्हणजे लिखाण चालवायची स्वतंत्र जागा. गुणगुण थांबली.

‘कारंजं रुसलं वाटतं?’ सासूबाईंनी चहा ठेवला.

‘आई, आता त्याला “उडव” म्हणजे काय तेच कळेना. मी सगळंच काढून घेतलं.’

‘बिचारं. मग?’

‘“उडव” ही आज्ञा आणि उंचीची एक प्रत, एवढंच डब्यात घालते. खेळ संपला की डबा फेकायचा. पुढच्याला नवा.’

‘चहा तरी आठवणीने पी, कारंज्यासारखी विसरू नकोस.’

रविवारी अधीक्षक छत्री उघडूनच आले. सासूबाईंनी मुद्दाम बारा लिहिले. छत्रीवर सर कोसळली.

‘आता तुम्ही लिहा, साहेब. फक्त “उडव”,’ धाकटी म्हणाली.

त्यांनी एका बोटाने लिहिलं. पाणी दोनपर्यंत चढलं आणि शहाण्यासारखं खाली बसलं.

‘पुन्हा बघू,’ अधीक्षक म्हणाले. मग छत्री धाकटीच्या हातात देऊन त्यांनी पाच लिहिले, मग नऊ. मागे रांग लागली तरी साहेब हलेनात.

‘साहेब, आमचा नंबर कधी?’ रांगेतून आजोबा ओरडले.

‘थांबा हो, स्क्रीन कुठे जात नाही आता.’

धाकटी गुणगुणतच घरी आली.

रविवार, १५ मार्च. अधीक्षकांची छत्री आपल्याकडेच राहिली. न्हाणीघरात उघडून वाळत ठेवली आहे.