सुनंदाचं लिनक्स

संगणक सुरू केला की सुनंदा आधी त्याच्या पाठीला पालथा हात लावून बघायची, ताप आलेल्या लेकराला लावावा तसा. "गरम लागून राह्यलं ताई, आज याच्यावर जास्ती लादू नका," असं सांगायची. मला तो अडाणीपणा वाटायचा. चीड याची यायची, की तिचा अंदाज खरा निघायचा.

जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानावर आमचं छोटं ऑफिस होतं. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, आडत्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवायचो. मी पुण्याहून इंजिनिअर होऊन आलेली, तिथली सगळ्यात जुनी. सुनंदा डिप्लोमावाली, रोज हसनाबादहून एसटीनं यायची. वयानं माझ्याएवढीच, तरी मला 'ताई' म्हणायची.

आमचं सॉफ्टवेअर दुकानांत विंडोजवर चालायचं, त्याचा सर्व्हर मात्र लिनक्सवर. प्रत्येकाला दोन-दोन संगणक कुठून द्यायचे? म्हणून आमच्या मालकांनी, सरांनी, ठरवलं, की एक सिस्टिम मूळ म्हणून ठेवायची आणि दुसरी तिच्या आत, व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकातला संगणक करून, चालवायची. मूळ कोणती आणि आतलं मशीन कशानं चालवायचं, हे आम्ही दोघींनी बघायचं होतं.

मला विंडोजची सवय. मी एका दुपारी व्हर्च्युअलबॉक्स हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर टाकलं, आत लिनक्स सुरू झालं, माझं काम संपलं. सुनंदानं आठ दिवस घेतले. आधी माझ्यासारखंच करून पाहिलं. मग सगळं पुसून मूळ लिनक्स टाकलं आणि केव्हीएम ही लिनक्सचीच सोय वापरून त्याच्या आत विंडोज चालवलं. "घर मजबूत पाहिजे ताई, मंग पाहुणे कितीबी येऊ द्या," म्हणाली. शेवटच्या दिवशी तिनं दोन पानं लिहून माझ्या हातात दिली. "सर अंबडला गेल्ते न्हाई का, आले की द्या. माझी बस निघंल."

मी ती पानं वाचली. आमच्या आठ जीबी मेमरीच्या जुन्या संगणकांवर काय चालेल, काय अडेल, सगळं नीट लिहिलेलं. मला सुचायला हवं होतं ते सगळं. पानं पर्समध्ये कोंबली. सर आले, म्हणाले, "काय ठरलं?"

"विंडोजच ठेवू," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सुनंदाला कळलं. ती नुसतं "बरं" म्हणाली.

पंधरा दिवसांनी एक मोठे आडते काम बघायला आले. माझ्या संगणकात आतल्या लिनक्सला मी आठातली सहा जीबी देऊन बसले होते. विंडोजला हलायलाही जागा उरली नाही. माउस जागच्या जागी थिजला. शेठ घड्याळ बघू लागले. सुनंदाचा संगणक विंडोजवर आणायचा राहिला होता, त्यावर अजून तिचंच लिनक्स होतं. तिनं आपला पडदा त्यांच्याकडे वळवला. "शेठ, इकडं या, हितं बघा." तिथं दोन्ही सिस्टिमी सुरळीत चालत होत्या. शेठ खूश होऊन गेले.

"अगं, हे आधी का नाही बोललीस?" सरांनी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली.

"राहून गेल्तं सर," ती म्हणाली.

जिन्यात मी तिला गाठलं. "तुझी पानं मी मुद्दाम दिली नाहीत."

"ठाऊक हाये. पर्समधून डोकावून राह्यली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"चारचौघांत तुमचं तोंड उतरलं असतं. चला, तुमचं मशीन आधी सुधारून घेऊ."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तोवर मला तिच्या हुशारीचाच हेवा होता, त्या दिवसापासून तिच्या स्वभावाचाही वाटू लागला.

पुढच्या वर्षी पुण्यातल्या एका कंपनीनं तिला बोलावून घेतलं. आता ती तिथं मोठ्या पदावर आहे. मागच्या दिवाळीनंतर तिचा फोन आला. "ताई, माझ्या हाताखाली एक जागा हाये. मी तुमचं नाव सांगितलं. येता का?"

मी सासूबाईंची तब्येत सांगितली, मुलीची शाळा सांगितली. "बराबर हाये, घरचं आधी," ती म्हणाली.

सासूबाई ठणठणीत आहेत. मुलीला पुणं आवडलं असतं. पण तिथं सुनंदा माझी साहेब झाली असती, आणि चांगली साहेब झाली असती.