उत्तरदात्री क्रमांक अकरा

सभागृहात मॅडम त्यांचं संशोधन मांडत होत्या. पडद्यावर इंग्रजीत चार ओळी होत्या. उत्तरदात्री क्रमांक अकरा. स्त्री, वय अंदाजे पन्नास, दलित, स्थलांतरित, चौथी पास. आणि खाली तिचं वाक्य : 'शाळेतलं आमच्यासारख्यांना काय कळतंय?'

मॅडमनी लाल उजेडाचा ठिपका त्या वाक्याखालून फिरवला. म्हणाल्या, "उदासीनता किती खोल आहे बघा. असे पालक शाळेसाठी कधीच काही मागणार नाहीत." पुढच्या रांगेतली एकजण हसली. कुजकं नव्हतं ते हसणं. लहान लेकरू बोबडं बोललं की हसतात, तसं. शेजारच्या मुलीनं वाक्य वहीत उतरवून घेतलं.

ती बाई माझी आई होती.

मी हैदराबादच्या एका विद्यापीठात शिक्षण आणि सार्वजनिक धोरण या विषयात एम.ए. करते. दुसरं वर्ष. आम्ही मूळचे नांदेडकडचे, बौद्ध. गौलीगुड्यात दोन खोल्यांत राहतो. वडील बसच्या डेपोत मेकॅनिक होते, ते आता नाहीत. आई सुलतान बाजारजवळच्या एका दवाखान्यात आया आहे.

मॅडम पहिल्या वर्षापासून माझ्याशी फार गोड. तेव्हाच खटकायला पाहिजे होतं. वर्गात त्या बाकीच्यांना विचारायच्या, "या धोरणाबद्दल तुझं मत काय?" मला विचारायच्या, "तुझा अनुभव काय?" मत त्यांनी द्यायचं, अनुभव मी. माझ्या हे ध्यानात यायचं नाही असं नाही. पण केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली की मी विरघळायचे.

शहरातल्या मराठी शाळा का बंद पडल्या, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. पालकांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, मला येत होतं. पहिली पाच घरं त्यांनी दुसऱ्या कुणाला घेऊन केली होती, पुढच्या सहा घरी मी नेलं. सहावं घर माझं.

आदल्या दिवशी आई म्हणाली, "एवढी मोठी बाई आपल्या घरी काइकू यायली गं?"

"संशोधन आहे, आई."

"आपल्याकडं काय सापडायलंय तिला?"

मी चिडले. म्हणाले, "सगळ्यांवरच संशय घेऊ नको."

मॅडम आल्या. दोन कप चहा प्याल्या. खाली चटईवर बसल्या. आईनं केलेले धपाटे डब्यात बांधून घेतले. माझा उरलासुरला संशय तिथंच मेला. जात विचारली तेव्हा आई म्हणाली, "बौद्ध लिहा." मॅडमनी मान हलवली. मग चार पानांचा इंग्रजी कागद पुढं केला. आईनं मला विचारलं, "काय लिवलंय यात?"

"काही नाही, फॉर्मालिटी आहे. कर सही."

तिनं मराठीत, पूर्ण नावानिशी, सावकाश सही केली. हे मॅडमनी करवून घेतलं नाही. मी घेतलं.

त्या दिवशी आई काय बोलली ते मला पाठ आहे, कारण रेकॉर्डिंग ऐकून इंग्रजीत टाइप मीच केलं होतं. ती म्हणाली होती, "शाळा बंद करू नका म्हणून आम्ही बाया पाच खेपा गेलो. अर्ज दिला. पोरी कुठं जातील, विचारलं. तर हेडमास्तर म्हणला, शाळेतलं तुमच्यासारख्यांना काय कळतंय? म्हणलं, पोरगी माझी हाय, मला नाही कळणार तर कुणाला कळंल?"

तुमच्यासारख्यांना. पडद्यावर त्याचं आमच्यासारख्यांना झालं होतं. पाच खेपा गायब. अर्ज गायब. हेडमास्तरनं तिच्या तोंडावर फेकलेलं वाक्य तिच्याच तोंडात घातलं होतं.

मी उभी राहिले.

"मॅडम, अकरा नंबर माझी आई आहे."

त्या हसल्या. "आपण उत्तरदात्यांची ओळख उघड करत नसतो. नियम आहे."

"हे वाक्य तिचं नाही. हेडमास्तरचं आहे." मी लॅपटॉप उघडला आणि टाइप केलेलं सगळं मोठ्यानं वाचलं.

"अर्थ सोपा करून घेतलाय आपण," मॅडम म्हणाल्या. "तू भावनिक होते आहेस. बाहेर जाऊन पाणी पिऊन ये."

"मला तहान नाही."

मी बसले नाही. त्यांनी पुढची स्लाइड लावली. शेवटपर्यंत मी उभीच होते.

नंतर व्हरांड्यात वाक्य उतरवून घेणारी ती मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "बरोबर बोललीस."

"आत का नाही बोललीस?"

तिनं फोन काढला आणि त्यात बघायला लागली.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. "पीएचडीसाठी तुझं शिफारसपत्र लिहायचंय मला," त्या म्हणाल्या. "चांगलं लिहावं असं मनात आहे." आवाज पहिल्या दिवसाइतकाच गोड. त्यात तसूभरही फरक नव्हता. तेव्हा कळलं, तो गोडवा पहिल्यापासून कशासाठी होता. मी पत्र नको म्हणाले आणि विद्यापीठाच्या संशोधन नैतिकता समितीकडं तक्रार दिली.

घरी सांगायची भीती वाटत होती. आई ड्युटीची साडी घडी घालत होती. ऐकून घेतलं तिनं.

"म्हंजे त्यानं मला म्हणलेलं, मीच म्हणले म्हणून लिवलं?"

"हौ."

"आन् सही माझी."

"हौ."

तिनं साडीची घडी बाजूला ठेवली. म्हणाली, "तू तवा वाचून का नाही दाखवलंस?"

समितीपुढं आई रजा टाकून आली. समोर चार जण. अध्यक्ष मला म्हणाले, "तिला बोलू दे, तू भाषांतर कर."

"मी करणार नाही," मी म्हणाले. "मी तक्रारदार आहे. दुभाषी तुम्ही आणा."

ते एकमेकांकडं बघायला लागले. आईनं कुणाची वाट बघितली नाही. सरळ दखनीत म्हणाली, "मेरी पूरी बात रखो, नै तो मेरी बात निकालो. आधी बात झूट रहती."

दुभाषी लागला नाही. सगळ्यांना समजलं.

पुढं समितीचं पत्र आलं. उत्तरदात्री क्रमांक अकरा अहवालातून वगळण्यात आली आहे. चूक झाली, असं त्यात कुठंही नव्हतं. दुरुस्ती नाही, माफी नाही. आई निघाली, निष्कर्ष तसाच राहिला : पालक उदासीन आहेत, म्हणून उरलेल्या मराठी शाळा दुसऱ्या शाळांत मिळवून टाकाव्यात. तो अहवाल आता सरकारी टेबलावर आहे आणि वेबसाइटवरही. मॅडम वर्गात शिकवतात. मला नवीन मार्गदर्शक दिले. तेही चांगलं बोलतात. त्यांची प्रत्येक ईमेल मी दोनदा वाचते.

पण मी नेलेली बाकीची पाच घरं? त्या बायांनी मॅडमकडं बघून सह्या केल्या नव्हत्या, माझ्याकडं बघून केल्या होत्या. त्यांच्या तोंडात काय घातलंय, त्यांना माहीत नाही. म्हणून अख्खा अहवाल मी मराठीत उतरवला. शब्दाला शब्द. परवा रविवारी नामपल्लीला पहिल्या घरी गेले. दार उघडणाऱ्या मावशींनी मला ओळखलं. आत घेतलं नाही.

"परत काइकू आलीस? कोण पाठवलं तुला?"

मला वाईट वाटलं नाही. हाच प्रश्न त्यांनी पहिल्या खेपेला विचारायला पाहिजे होता.

"कुणी नाही, मावशी. माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या नावावर काय लिहिलंय ते वाचते, तेवढं ऐका. खोटं निघालं तर तक्रार तुम्ही सांगाल तशी लिहीन, पुन्हा वाचून दाखवीन. पटली तरच सही करा."

त्यांनी दार लावून घेतलं. पुढच्या रविवारी मी परत जाणार आहे. उघडेपर्यंत जाणार आहे. आणि उघडलं नाही, तर बाहेर उभी राहून मोठ्यानं वाचणार आहे.