लग्नाची सीडी

राधानगरीचे चुलते-चुलती आपल्या लग्नाच्या फोटोंची जुनी सीडी घेऊन कोल्हापूरला आमच्याकडे आले. ते फोटो आजकालच्या कुठल्याच कॉम्प्युटरवर उघडत नव्हते. मी ऐटीत काळ्या स्क्रीनवर ते नव्या प्रकारात बदलायची कमांड टाइप केली, तर सगळे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे निघाले. सीडीत एकाच फोटोचे लहानमोठे आकार होते आणि मी नेमका सगळ्यांत लहान उचलला होता.

“ही नवरी हाय का मुंगी?” चुलतीनं विचारलं.

कमांड सुधारली, फोटो मोठे आले. मी कौतुकाची वाट बघत बसलो, तर चुलते सीडी शर्टाला पुसत म्हणाले, “निघालं न्हवं फोटो? आता ही भातात टांगतो. चमकली की पाखरं पळत्यात.”

“टांगा की,” चुलती म्हणाली. “पाखरांना तरी हे लगीन बघून पळू दे. माझं ऱ्हाऊन गेलं.”