ओंकारचा आवाज मला कधीच जमला नाही

आधीच सांगतो, असल्या गोष्टी मानणाऱ्यांची मी नक्कल करायचो. डभोईला शाळेत होतो तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका मावशींच्या अंगात यायचं. मधल्या सुट्टीत मी त्यांचं घुमणं करून दाखवायचो आणि पोरांच्या तोंडातले घास बाहेर यायचे. त्यामुळे आज इथे हे टाइप करताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण ओळखीचं कुणी माझं ऐकून घेणार नाही... का घेणार नाही, ते पुढे येईलच.

मी बडोद्यात इंटरनॅशनल हॉटेल मॅनेजमेंट अँड लीडरशिपचं पोस्ट ग्रॅज्युएशन करतोय. नाव ऐकून गावाकडे लोक उठून खुर्ची देतात. प्रत्यक्षात पहिलं सेमिस्टर चादरीचे कोपरे दुमडण्यात गेलं, लीडरशिप अजून वाटेत आहे. सुभानपुऱ्यात पीजी म्हणून राहतो. वर्गात माझी ओळख एकच, आवाज काढणारा. शेफ सरांचं नाकातलं 'व्हॉट इज धिस, व्हॉट इज धिस', डायरेक्टर साहेबांचा माइकवरचा खोकला, सगळे माझ्याकडे तयार असतात.

फक्त एका माणसाचा आवाज मला येत नव्हता. ओंकारचा.

ओंकार माझा जिगरी. बडोद्यातच वाडी भागात राहायचा, वडील रेल्वेत, आई घरी ब्लाउज शिवते. मी त्यांना काका-काकू म्हणतो. रविवारी माझं जेवण त्यांच्याकडेच असायचं. आता नक्कल करायला पकडायला काहीतरी लागतं — खोकला, अडखळणं, एखादा शब्द ओढणं. ओंकारच्या आवाजात पकडायला काही नव्हतंच. साधा, सपाट, मऊ. वर्गातली रिद्धी मुद्दाम चिडवायची, ''चाल ने, ओंकारनो अवाज काढ.'' मी काढायचो आणि सगळे ओरडायचे, ''आ तो तू ज छे.'' हा तर तूच. ओंकार शांतपणे म्हणायचा, ''मी अजून रिलीज झालेलो नाही रे.''

सप्टेंबरमध्ये त्याला ताप आला. डेंग्यू. प्लेटलेट्स उतरत गेल्या. चौथ्या दिवशी मी वॉर्डात जाऊन त्याला तिथल्याच डॉक्टरांचा आवाज काढून दाखवला, तर सलाईन लावलेला हात पोटावर धरून हसला. सहाव्या दिवशी गेला. तेवीस वर्षांचा होता. जूनमध्ये आम्ही दोघं मस्कतला एकाच हॉटेलात ट्रेनिंगला जाणार होतो.

तेराव्याला पंगती उठल्यावर काकूंनी मला आतल्या खोलीत बोलावलं. शिलाई मशीनवर कापड झाकलेलं होतं. मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, ''तू सगळ्यांचे आवाज काढतोस ना? त्याचा काढ एकदा. मी डोळे मिटून बसते.''

मी म्हटलं, ''काकू, तेवढा एकच मला येत नाही.''

''प्रयत्न तर कर. त्याच्या फोनमध्ये बघितलं रे मी. सगळं टाइप केलेलं. एक व्हॉइस मेसेज नाही. लग्नातले व्हिडिओ आहेत, त्यांच्यावर गाणी घातलीत. परवापासून... मला नीट आठवत नाहीये तो कसा बोलायचा.''

त्यांनी खरंच डोळे मिटले. मी 'आई, आज काय केलंय' एवढंच म्हटलं. त्यांनी डोळे उघडले, जरा हसल्या. म्हणाल्या, ''हा तर तूच.'' आणि चहा टाकायला उठल्या.

आयुष्यात इतके शो पडलेत माझे. पण असा पडलेला नाही.

आता मूळ गोष्ट. नोव्हेंबरमध्ये आमची फ्रंट ऑफिसची प्रॅक्टिकल होती. सकाळचे साडेअकरा. आमच्या लॅबमध्ये खोटं रिसेप्शन आहे. लाकडी काउंटर, एक फोन, आणि भिंतीवर दुबई, लंडन, न्यूयॉर्कची घड्याळं — त्यातलं लंडन बंद. विषयाच्या मॅडम शेजारच्या केबिनमधून गेस्ट बनून फोन करतात आणि आम्ही तक्रार हाताळायची. ऐकून घ्या, माफी मागा, तोडगा द्या, मग परत फोन करून विचारा, असा क्रम. कॉल त्यांच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड होतो आणि मग सगळ्यांसमोर वाजवून चिरफाड होते.

माझा नंबर सातवा. मॅडम झाल्या रूम तीनशे चारच्या गेस्ट. गीझर चालत नाही, तासाभरात चेकआउट आहे, तुम्हारा हॉटेल है के धर्मशाला वगैरे. मी माझ्या नेहमीच्या आवाजात, इंग्रजी-हिंदी मिसळून बोललो. शपथेवर सांगतो, त्या दिवशी नक्कल करायचा विचारही मनात नव्हता. मार्कांची भीती होती. समोर बसलेल्यांनीही मला माझ्याच आवाजात बोलताना ऐकलं. पण ते लांब होते, कुणी नोट्स बघत होतं, आणि नंतर विचारलं तर कुणालाच ठाम आठवेना.

मग मॅडमनी स्पीकरवर रेकॉर्डिंग लावलं.

''गुड मॉर्निंग, फ्रंट डेस्क, हाउ मे आय असिस्ट यू?''

ओंकार होता.

थोडासा सारखा वगैरे नाही... ओंकार. तोच सपाट मऊ आवाज, पकडायला काहीच नसलेला. शब्द माझे होते, मी बोललो तेच. आवाज त्याचा. रेकॉर्डिंग तीन मिनिटं चाललं. शेवटी मॅडम गेस्ट म्हणून 'ओके, थँक यू' म्हणतात, मग एक क्षण खरखर, आणि मग एक शब्द, जो मी बोललोच नव्हतो.

''ठेवू?''

बस. रेकॉर्डिंग संपलं.

रिद्धी रडत होती. उठून माझ्यासमोर आली आणि म्हणाली, ''तने शरम नथी आवती? बे महिना थया छे एने गये.'' मी म्हटलं, ''मी नाही केलं.'' मागून कुणीतरी टोमणा मारला, ''हा भाई, तू तो क्यारेय करतो ज नथी.'' म्हणजे तू तर कधी करतच नाहीस. चूक त्यांची नाही. ज्याने वर्षभर सगळ्यांचे आवाज काढले, त्याने 'हा माझा नाही' म्हटलं तर कोण मानेल? वर्ग रिकामा झाला. त्या दिवसापासून रिद्धी माझ्याशी बोलत नाही.

मॅडम मात्र थांबल्या. दार लोटून हळू आवाजात म्हणाल्या, ''मैंने फोन पे तुमको ही सुना था. तुम्हारा ही आवाज था.''

''मग मॅडम, सबके सामने बोलिए ना.''

''क्या बोलूँ, बेटा?'' त्या म्हणाल्या. बरोबरच होतं. मी फाईल मागितली तर त्यांनी काही न विचारता माझ्या फोनवर पाठवली.

मी सरळ वाडीत गेलो. दुपारचे दोन-अडीच झाले असतील. काका नाइट करून आलेले, जागेच होते. मी काकूंना म्हटलं, ''एक ऐकवायचंय. आज सकाळच्या प्रॅक्टिकलमधला माझा कॉल आहे.'' काकांनी पंखा बंद केला, म्हणजे नीट ऐकू यावं. मी फोन काकूंच्या हातात दिला.

त्यांनी तो कानाला लावला नाही. दोन्ही हातांनी छातीजवळ धरून ऐकत राहिल्या. मध्ये एकदा काकांकडे बघून म्हणाल्या, ''एवढं छान इंग्रजी बोलायचा?'' काका खाली बघत होते. मग ते शेवटचं आलं. ''ठेवू?''

आणि काकू म्हणाल्या, ''ठेव रे.''

अगदी सहज. जसं रोज म्हणत असतील तसं. काका उठून गॅलरीत गेले.

काकूंनी डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं. ''माझ्याशी बोलून झालं की विचारायचा, ठेवू? मी ठेव म्हटल्याशिवाय कधी फोन ठेवला नाही. हे तुला कसं माहीत?''

मला माहीत नव्हतं. आमच्याशी बोलताना तो वाक्य संपलं की फोन कट करायचा, आम्ही शिव्या घालायचो त्यावरून. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. काकू, हा मी नाही. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यांचा चेहरा... दोन महिन्यांत पहिल्यांदा मोकळा दिसत होता. हा तुमचाच मुलगा आहे असं सांगितलं असतं, तर त्या फोन कानाला लावून बसल्या असत्या, कायमच्या. आणि खरं सांगू? सकाळी सगळा वर्ग मला खोटारडा म्हणाला होता. परत तेच ऐकायची हिंमत नव्हती.

मी म्हटलं, ''तो म्हणायचा ना काकू. लक्षात राहिलं.''

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. ''जमलं की रे तुला शेवटी. किती मेहनत घेतलीस.''

लोकांनी टाळ्या वाजवल्या की मला बरं वाटतं, लहानपणापासूनची खोड आहे. त्या दिवशी तो हात गालावर होता आणि मला वाटत होतं, मी ओंकारच्या ताटातलं उचलून खातोय.

फाईल त्यांच्या फोनवर टाकून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. ''अरे, ही वेगळी पाठवलीस का? ह्यात तूच बोलतोयस.''

मी माझ्याकडची लावली. माझा आवाज. डभोईवाला, घाईघाईचा. शेवटी मॅडमचं 'ओके, थँक यू', आणि मग काही नाही. तो शब्दच नाही. धावत मॅडमच्या केबिनमध्ये गेलो, त्यांनी मूळ रेकॉर्डिंग लावलं. तेही तसंच. मॅडम शिकलेली बाई आहे, वीस वर्षं हॉटेलात काढलेली. त्यांनी फक्त पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली.

मनाचे खेळ म्हणाल, तर वर्गातल्या बावीस जणांचे एकदम? माझ्या नकळत मीच केलं म्हणाल, तर फाईल बदलली कशी, आणि 'ठेवू' कुठून आलं? मी सगळं उलटसुलट करून बघितलंय. उत्तर नाही. इथे कुणाकडे असलं तर सांगा, पण मला वाटत नाही कुणाकडे असेल.

उत्तर नसण्याचं मला फारसं काही नाही. मला काकूंचं काय करायचं ते कळत नाही. त्यांना मी सांगितलं की चुकून वेगळी फाईल आली आणि ती पहिली उडून गेली, त्यामुळे त्यांना वाटतं मला जमतंय. दर रविवारी विचारतात, ''परत कर ना एकदा. 'आई, जेवलीस का' एवढंच म्हण.'' मी पीजीच्या बाथरूममध्ये नळ सोडून रोज प्रयत्न करतो. रोज मीच बोलतो. मागच्या आठवड्यात म्हणाल्या, ''मस्कतला जायच्या आधी तरी करशील ना?'' जूनला आता फार दिवस नाहीत. खरं सांगावं तर त्यांचा मुलगा एकदा बोलून गेला आणि ते श्रेय मी घेतलं, हे सांगावं लागेल. न सांगावं तर त्यांना वाटत राहणार की हा मुद्दाम करत नाही.

काल परत फोन आला होता. मी म्हटलं, ''काकू, घसा बसलाय.'' त्या म्हणाल्या, ''हळद घालून दूध घे रे.''

नोव्हेंबरपासून माझा घसा बसलेला आहे.