साठाला एक की चाळिसाला एक?

"मॅडम, पाणी उलटं येतंय." प्लंबर रफिकभाईंनी फोनवर एवढंच सांगितलं. मी श्रीवर्धनहून स्कूटर काढली आणि दिवेआगर गाठलं.

मंदाताईंचं चार खोल्यांचं होमस्टे. वादळात सुपारीची वाडी आडवी झाल्यावर त्यांनी उरलेल्या जागेत हा संसार मांडला होता. शनिवारी पहिलं बुकिंग होतं आणि आज गुरुवार. टेस्टिंगला चार बादल्या ओतल्या, त्या संडासातच तुंबल्या. पहिलेच पाहुणे नाक दाबून परत गेले तर गावभर काय बोभाटा होईल, या विचारानं मंदाताईंना जेवण जात नव्हतं.

सेप्टिक टँक विहिरीपासून दूर हवा, म्हणून तो घरापासून शंभर फुटांवर, वाडीच्या टोकाला. तिथपर्यंत पाइप ढाळात न्यायचा. किती फुटांत पाइप एक फूट उतरतो, तो त्याचा ढाळ. कमी पडला तर मैला हलत नाही. जास्त झाला तर पाणी पुढे पळतं, मैला मागे राहतो. आपल्या पाइपाला १/६० ते १/४० चालतो.

रफिकभाईंनी १/४० धरला होता. त्या हिशोबानं शंभर फुटांत पाइप तीस इंच उतरला. टँकचं भोक होतं पाइपाच्या सुरुवातीपेक्षा चोवीस इंच खाली. मग त्यांनी शेवटचा तुकडा उचलून भोकात बसवला. पाइपाला पोट आलं, पाणी तिथंच थांबलं. टँक खाली न्यावा तर दोन हात खणल्यावर पाणी लागतं.

गवंडी गजाननदादा म्हणाला, साठाला एक धरायला हवा होता. त्यात पाइप वीस इंचच उतरतो, म्हणजे भोकाच्या वर थेट स्लॅबला धडकणार. दोघंही आपापल्या आकड्यावर अडून बसलेले, एकमेकांशी बोलणं बंद.

मी म्हटलं, मधला काढू. इंजिनिअर कशासाठी बोलावतात?

ढाळ तपासायला पाच फुटांची पट्टी असते. तिच्या उताराकडच्या टोकाखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा, वर पाणसळ; तिचा बुडबुडा मधोमध आला की ढाळ बरोबर. रफिकभाईंचा ठोकळा दीड इंचाचा, गजाननदादाचा एक इंचाचा. मी दोन्हींची सरासरी काढून सव्वा इंचाचा करायला सांगितला. दुपारपर्यंत पाइप पुन्हा अंथरला. टोक भोकाच्या एक इंच खाली आलं.

माझा मधला अपूर्णांक होता १/४८. शंभर फुटांत पंचवीस इंच. चोवीसच्या जवळपास आहे, चालेल, असं मी मनात म्हटलं होतं. पाणी जवळपास मानत नाही. टोक उचलून भोकात बसवलं असतं, तर शेवटच्या चार फुटांत ते साचलंच असतं. दोन्ही कारागीर माझ्याकडे बघत होते आणि मला फार ओशाळल्यासारखं झालं. चूक माझीच, असं मी सांगून टाकलं.

मंदाताई इतका वेळ चराच्या काठावर बसून होत्या. त्यांनी रफिकभाईंना विचारलं, "तुमचा एक फूट कितीत उतरतो?"

"चाळीस फुटांत."

"नि दादाचा साठात. चाळीस नि साठ, शंभरच झाले की. चाळीस फूट यांचा घाला, पुढचे साठ दादाचा. दोन फूट उतरला. भोक दोन फुटांवरच हाय ना?"

मी मनात हिशोब केला. वरचे आकडे मिळवले, एक आणि एक दोन. खालचे मिळवले, चाळीस आणि साठ शंभर. २/१००, म्हणजे १/५०. अपूर्णांकांची बेरीज अशी केली तर शाळेत छडी मिळते, आणि ते बरोबरच आहे. पण दोहोंच्या मधला हवा असेल तर ही युक्ती दर वेळी चालते. अगदी अर्ध्यावरचा मिळेलच असं नाही, पण मधलाच मिळतो. आम्हाला नेमका हाच हवा होता.

नवा ठोकळा लागलाच नाही. जिथे ढाळ बदलतो तिथे एक चेंबर बांधलं. गजाननदादा मुद्दाम म्हणाला, "माझे साठ हायत, तुमचे चाळीसच." रफिकभाई म्हणाले, सुरुवात तर माझीच आहे. बोलणं सुरू झालं.

शुक्रवारी संध्याकाळी चार बादल्या ओतल्या. टँकच्या भोकाशी वाकलेल्या मंदाताईंना पाणी पडल्याचा आवाज आला, तेव्हा त्या तिथंच चिखलात बसून रडल्या.

पाहुणे रविवारी गेले. मी फोन करून विचारलं, संडासाबद्दल काही बोलले का? त्या म्हणाल्या, एक शब्द नाही, सगळे सोलकढीचंच कौतुक करत होते. आमच्या कामाला याहून वरचं सर्टिफिकेट नाही.