गार्डभाऊंनी लिहिलेल्या उंच्या

अहेरीत अब्बांचं शिलाईचं दुकान होतं, आणि कॉम्प्युटर शिकलेली आमच्या गल्लीतली मी पहिली मुलगी. दोन हजार साल उलटून गेलं होतं. विमानातून लेझरचे किरण सोडून झाडांची उंची मोजायचं काम तेव्हा आमच्या जंगलात आलं. किरण शेंड्याला लागून परत येतो, जमिनीला लागून परत येतो, त्यातल्या फरकावरून उंची कळते. ती बरोबर निघते का हे ताडून पाहायला काही ठिकाणी माणसांनीही झाडं मोजायची होती. त्यांचे फॉर्म कॉम्प्युटरमध्ये भरायचं कंत्राटी काम मला मिळालं.

निवृत्तीला आलेले एक वनरक्षक होते. सगळे त्यांना गार्डभाऊ म्हणत. त्यांच्या फॉर्मवर झाडांचे घेर अगदी सेंटिमीटरपर्यंत लिहिलेले असायचे, पण उंच्या विमानाशी जुळेनात. वीस, पंधरा, वीस, पंधरा.

"हा माणूस जंगलात जातच नाही, घरी बसून भरतो," वनखात्यातले आमचे साहेब चिडून म्हणाले. "तू उद्या त्याच्यासोबत जा आणि तीच झाडं परत मोजून आण."

माझ्या वडिलांपेक्षा मोठा माणूस, आणि त्याची चोरी पकडायला मी जायचं!

जीप थांबली तिथून पुढे तासभर चाललो. जंगलात इतकं आत मी कधीच गेले नव्हते. गार्डभाऊ पुढून काट्यांच्या फांद्या वाकवून धरत होते. पहिल्याच सागावर त्यांनी मागच्या वेळी खडूनं टाकलेला नंबर होता. म्हणजे ते इथे आले होते. छातीच्या उंचीवर त्यांनी टेप गुंडाळला, चेहरा खोडाला टेकेल इतका जवळ नेला आणि आकडा सांगितला. बरोबर होता.

उंचीचं यंत्र मी त्यांच्या हातात दिलं. लहानसंच ते; एक डोळा लावून आतले बारीक आकडे वाचायचे. त्यांनी डोळा लावला. यंत्र खालीवर करत राहिले.

"वीस," शेवटी म्हणाले.

"भाऊ, आत उंची कुठं दिसते? तिथं तर कोनाचे अंश असतात, उंची मग हिशोबानं काढायची."

त्यांनी यंत्र खाली घेतलं. "मले दिसून नाई राह्यलं, बाई. दोन वर्सं झाले. मोतीबिंदू हाय."

"मग सांगितलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं मेडिकल तपासणीले पाठवलं असतं. घरी बसवलं असतं. अंदाज हाय ना मले, तीस वर्सं जंगलातच गेले."

परत येताना जीपमध्ये मी म्हटलं, "साहेबांना मी खरं सांगणार आहे. ते तुम्हाला कामचोर समजतात." त्यांनी मान फिरवली. पुढे पंधरा दिवस ऑफिसात समोर आले तरी बोलले नाहीत. घरी मी अब्बांना विचारलं, चुकलं का माझं? सुईत दोरा ओवायला ते आईला हाक मारत असत. ते म्हणाले, "बोलना तो था, बेटा. लेकिन पहले उनसे पूछ लेती."

ते बरोबर होतं. मी विचारलंच नव्हतं.

साहेबांना मी दुसऱ्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. त्यांनी कुणाला काही लिहिलं नाही, गार्डभाऊंची रजा मंजूर केली आणि चंद्रपूरला ऑपरेशनची सोय लावली.

महिन्याभरानं गार्डभाऊ काळा चष्मा लावून थेट माझ्या टेबलापाशी आले. "दाखव, तुह्या इमानानं काय मोजलं ते." मी स्क्रीनवर झाडांचे नंबर आणि विमानानं काढलेल्या उंच्या दाखवल्या. ते एकेक ओळ बोटानं वाचत गेले आणि एका सागाच्या ओळीवर थांबले.

"हे इमान कवा उडलं?"

"उन्हाळ्यात."

"तवा सागाले पान रायते का? उघड्या काड्याले तुहा किरण कसा लागन? हे झाड याच्याहून उंच हाय."

साहेबांना बोलावलं. त्यांनी दोनदा ऐकून घेतलं, मग विमानाची चूक तपासण्यासाठी सागाच्या सगळ्या ओळी वेगळ्या काढायला सांगितल्या. बाकीच्या झाडांच्या उंच्या मात्र गार्डभाऊंच्याच चुकल्या होत्या. त्या आम्ही दोघांनी पुन्हा मोजल्या. यंत्राला डोळा ते लावत, आणि आकडे मी लिहून घेई.