खडूवरची ओली रेघ

कर्तृत्ववान माणूस जातो, पण त्याचं काम मागे उरतं... शोकसभेत हे वाक्य ऐकायला बरं वाटतं. गॅरेजवाल्या किशन मिस्त्रींचं काम मागे उरत नसे. लोक ते चालवत घेऊन जात आणि परत येत नसत. परत आले नाहीत म्हणजे काम नीट झालं, असं मिस्त्री समजत.

महिन्यापूर्वी सकाळी मारोतीचा फोन आला. मारोती आमच्या कार्यालयातला ड्रायव्हर, आता माझ्यासारखाच निवृत्त. "भाऊसाहेब, मिस्त्री गेले," म्हणाला. "जेवून भिताडाला टेकून बसले होते. उठलेच न्हाईत."

आमची तिघांची ओळख एका जीपमुळे झाली. लातूर जिल्हा नवा होता. पाटीचा रंग ताजा, खुर्च्या जुन्या, आणि पाणी कुठेच नाही. मी टंचाईच्या टेबलावर कारकून. जुन्या जिल्ह्याच्या वाटणीत आमच्याकडे एक जीप आली होती. वाटणीत भाऊ भावाला जसा बैल देतो, तशीच ती होती. त्या दुष्काळात चाकूरकडे जाताना आम्ही घरणी नदीच्या कोरड्या पात्रातूनच गाडी घालायचो, रस्त्यापेक्षा ते बरं. एका शुक्रवारी मारोती म्हणाला, "चालवा भाऊसाहेब. नदीत कोन आडवं येतंय?"

झिरा आडवा आला. गावकऱ्यांनी पाण्यासाठी वाळूत खड्डा खणला होता आणि जनावरं पडू नयेत म्हणून भोवती दगड रचले होते. मी घाबरून ब्रेक दाबला, तो दाबूनच धरला. वाळूत गाडी घसरत गेली आणि डाव्या अंगाने दगडांवर आदळली. घागर घेऊन बसलेली एक बाई उठली. तिने आधी झिऱ्यात वाकून पाहिलं, मग आमच्याकडे. "पानी गढूळ केलं की रे," एवढंच म्हणाली.

मारोती तेव्हा रोजंदारीवर होता. कायम होणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव चाललं होतं. सोमवारी मंत्र्यांचा दुष्काळी दौरा, ताफ्यात आमची जीप. गाडी ठोकली हे कळलं तर यादीतून नाव जाणार ते त्याचं. माझ्याकडे लायसन नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. जीप डावीकडे ओढत होती आणि मारोती दोन्ही हातांनी तिला उजवीकडे धरून होता.

नांदेड रोडला लिंबाच्या झाडाखाली मिस्त्रींचं पत्र्याचं शेड होतं. मी उतरल्या उतरल्या सांगून टाकलं, "लाईट बदला, बंपर सरळ करा, रंग मारा. सोमवारी काही दिसलं नाही पाहिजे."

"दिसायचं काम पेंटरचं. तो समोर बसतो," मिस्त्री म्हणाले आणि बॉनेट न उघडता डाव्या टायरपाशी उकिडवे बसले. बराच वेळ टायरच बघत राहिले. मग मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी धरली, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. डावीकडे दोन बोटं कमी भरली. स्प्रिंगच्या पाट्यांचा मधला बोल्ट तुटून पुढचा धुरा मागे सरकला होता. दोन्ही चाकांना जोडणारा टायरॉड वाकला होता. हे सगळं करू म्हणाले. माझ्या जिवात जरा जीव आला.

मग त्यांनी स्टिअरिंगचा आर्म काढला. चाकाला वळवणारा वीतभर लोखंडी तुकडा, वरून धडधाकट. मिस्त्रींनी तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, फडक्याने कोरडा पुसला, त्यावर शाळेतला खडू घासला आणि चहा पीत बसले. आम्ही त्या पांढऱ्या लोखंडाकडे बघत बसलो. हळूहळू खडूवर केसाएवढी ओली रेघ उमटली.

"चीर हाय."

"वेल्डिंग करा ना," मी म्हणालो.

"आर्मला वेल्डिंग नसतंय, भाऊसाहेब. हा तुटला की स्टिअरिंग तुमच्या हातात राहतंय आन् गाडी तिच्या मनानं जाती." मग सहज विचारावं तसं, "कोन चालवत होतं?"

"मी," मारोती लगेच म्हणाला.

"तू गप. टायर एकाच जागी खरवडलाय. दगड लागला तवा चाक फिरत नव्हतं. वाळूत ब्रेक दाबून धरनारा ड्रायव्हर तू न्हाईस." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. "आर्म नांदेडच्या भंगारात मिळंल. ज्यानं ठोकली त्यानं आनायचा. तपासून."

रविवारी मी एसटीने नांदेडला गेलो. खिशात खडू, पिशवीत रॉकेलची बाटली. भंगारवाल्या चाचांनी तीन आर्म पुढे टाकले. पहिल्यावर रेघ आली. दुसऱ्यावरही. "मास्तर हो क्या? खडू लेके आए," चाचा हसले. तिसऱ्यावर रेघ येईना, तर माझा विश्वास बसेना. मिस्त्रींनी सांगितलं होतं त्याच्या दुप्पट वेळ मी बसून राहिलो. परतीची गाडी सुटली ती सुटलीच, पुढच्या गाडीने उभ्याने आलो.

संध्याकाळी आर्म बसला. मिस्त्रींनी पुन्हा सुतळी धरली, मग मला शेजारी बसवून सरळ रस्त्यावर जीप पळवली आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढले. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी रस्त्याच्या मधोमध होती. परतल्यावर चिरलेला जुना आर्म माझ्या हातात ठेवून ते म्हणाले, "गाडी मी सरळ केली. बुक तुमच्याकडं हाय."

लॉगबुक माझ्याकडेच असे. त्याच संध्याकाळी मी त्यात लिहिलं: झिऱ्याच्या दगडांवर आदळून पुढील भागाचे नुकसान, वाहन मी स्वतः चालवत होतो. अक्षर माझं वाटत नव्हतं.

सोमवारी दौरा रद्द झाल्याची तार आली. मंत्र्यांसाठी आणलेले हार आम्ही जीपमधून परत केले. यादी लागेपर्यंत मात्र साहेबांची घंटी वाजली की मी खुर्चीतून अर्धा उठायचो. यादी लागली. मारोतीचं नाव होतं. मी धीर करून लॉगबुक उघडलं, तर माझ्या कबुलीजबाबाखाली साहेबांची सही होती, आणि शेजारच्या कोऱ्या पानावरही.

गेल्या आठवड्यात विहारात शोकसभा झाली. त्रिसरण झाल्यावर एका वक्त्याने मिस्त्रींना यंत्रमहर्षी म्हटलं. मारोतीला दोन शब्द बोलायला उभं केलं. "त्यांच्या हातच्या गाडीला काई झालं न्हाई," म्हणाला आणि बसला. टाळ्या वाजल्या नाहीत. काही झालं नाही, याला कोण टाळ्या वाजवणार?

तो चिरलेला आर्म माझ्या टेबलावर आहे. कागद उडू नयेत म्हणून ठेवतो, असं मी घरात सांगत आलो आहे. टेबलावरचा पंखा गेल्या उन्हाळ्यापासून बंद आहे. मिस्त्री येऊन बघतो म्हणाले होते.